सायन्स हायस्कूलचं साप्ताहिक बातमीपत्र कसं काढायचं

आमच्यासारख्या फक्त सायन्सवर भर असलेल्या हायस्कूलमध्ये एका आठवड्यात किती काय काय चालू असतं हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. एकीकडे ऑलिंपियाडचं कोचिंग, एकीकडे प्रोजेक्टचे रिव्ह्यू, रोबोटिक्सवाली पोरं रात्रीपर्यंत मोटरशी झगडतायत, बायोलॉजी लॅबमध्ये कोणीतरी मोड आलेल्या बिया दर चार तासांनी मोजतंय, आणि शुक्रवारी बातमीपत्र निघतं त्यात काय असतं तर "विज्ञान प्रदर्शन उत्साहात संपन्न, मान्यवरांच्या हस्ते बक्षीस वितरण". अरे पण प्रदर्शनात होतं काय? कोणी काय करून बघितलं? ते कुठेच नाही. मी बरीच वर्षं मुलांना घेऊन हे बातमीपत्र काढतेय आणि माझं एकच म्हणणं आहे, सायन्सच्या शाळेत कार्यक्रम झाला ही बातमी नसते, त्यातून कोणाला काय कळलं ही बातमी असते. खाली जे लिहिलंय ते सगळं यातूनच आलंय.

एक उदाहरण सांगते म्हणजे लक्षात येईल. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला दोन मुली टायट्रेशन करत होत्या, म्हणजे ॲसिडमध्ये थेंब थेंब अल्कली सोडून ॲसिड किती आहे ते मोजायचं, फ्लास्कमध्ये ॲसिड, बुरेटमध्ये (खाली तोटी असलेली, मिलीच्या खुणांची काचेची नळी) सोडियम हायड्रॉक्साइड, आणि ॲसिड संपलं की गुलाबी होणारा इंडिकेटर फिनॉल्फ्थॅलिन. रीडिंग आली २४.५, २४.६ आणि मग एकदम २५.१ मिली. नेहमीचा वार्ताहर काय करेल, "अकरावीच्या विद्यार्थ्यांनी टायट्रेशनचा प्रयोग केला" लिहून मोकळा होईल. पण आमचा वार्ताहर तिथेच उभा राहिला. २५.१ कुठून आलं म्हणून दोघी शोधायला लागल्या, आधी वाटलं गुलाबी रंग जास्त गडद होऊ दिला, पण तसं नव्हतं, फिकट गुलाबी आला आणि अर्धा मिनिट टिकला तिथेच थांबवलं होतं. मग कळलं की बुरेट भरल्यावर खालच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला होता, मधेच तो निघून गेला, त्याची जागा द्रावणाने घेतली आणि तेवढं द्रावण फ्लास्कमध्ये न पडताच रीडिंगमध्ये मोजलं गेलं. ही बातमी! आम्ही ती पहिल्या पानावर घेतली, हेडिंग दिलं "अर्ध्या मिलीचा बुडबुडा", आणि पुढच्या आठवड्यात लॅबमध्ये प्रत्येकजण सुरू करायच्या आधी बुरेटचं टोक डोळ्यासमोर धरून बघत होता.

आता बातम्या गोळा कशा करायच्या. शिक्षकांना ग्रुपवर "काही बातमी असेल तर पाठवा" असा मेसेज टाकलात तर काहीही येणार नाही, किंवा बक्षिसांचे फोटो येतील. त्यापेक्षा प्रत्येक लॅबच्या दाराला एक वही दोरीने बांधा आणि वर एकच प्रश्न लिहा, "आज काय अनपेक्षित झालं?" एवढंच. मुलं जाताजाता दोन ओळी खरडतात. आणि लॅब असिस्टंटशी रोज दोन मिनिटं बोला, हे मी अगदी मनापासून सांगतेय, कुठल्या ग्रुपने तीच काचेची नळी चौथ्यांदा मागून नेली, कोण सुट्टीच्या दिवशी येऊन रीडिंग घेऊन गेलं हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. त्यांचं नावही अंकात येऊ दे, सोल्युशन्स तयार करणारं, काचसामान धुऊन ठेवणारं कोणीतरी असतं म्हणून प्रयोग वेळेवर सुरू होतो.

टीम छोटी ठेवा, पाच-सहा जण पुरे, त्यातले दोन तरी सगळ्यात लहान वर्गातले हवेत कारण मोठी मुलं जे गृहीत धरतात त्यावर लहान मुलं "म्हणजे काय?" असं विचारतात आणि बातमी आपोआप समजेल अशी लिहिली जाते. सोमवारी वह्या बघून काय घ्यायचं ते ठरवायचं, बुधवारपर्यंत लिहून, गुरुवारी ज्याच्या प्रयोगाबद्दल लिहिलंय त्यालाच वाचायला द्यायचं (हे कधीही चुकवू नका), शुक्रवारी सकाळी बाहेर. शुक्रवारच का, तर पुढच्या आठवड्याच्या तारखा शनिवार-रविवारच्या आधी हातात पडल्या पाहिजेत, फॉर्म भरायला, सामान आणायला तेच दोन दिवस मिळतात.

तारखांचा चौकोन सगळ्यात वर. "लवकरच", "पुढील सूचना मिळेल" असलं काही नको, वार, तारीख, वेळ, खोली, सोबत काय आणायचं, उशीर झाला तर काय होईल, सगळं एका जागी. इथे सायन्स फेअरबद्दल थोडं जास्त बोलते कारण मुलांचं खरं नुकसान इथे होतं. इंटरनॅशनल सायन्स अँड इंजिनिअरिंग फेअर म्हणजे आयसेफ किंवा तिच्याशी जोडलेल्या स्पर्धांमध्ये ज्या प्रोजेक्टमध्ये माणसांवर चाचणी किंवा साधा सर्व्हे आहे, किंवा पाठीचा कणा असलेले प्राणी आहेत, त्यांची मंजुरी प्रयोग सुरू करायच्या आधी घ्यावी लागते, नंतर सही आणून चालत नाही. बॅक्टेरिया घरी वाढवायलाही त्यांची परवानगी नाही, ते लॅबमध्येच. माझ्या एका विद्यार्थ्याने पन्नास मित्रांच्या झोपेचा डेटा मेहनतीने गोळा केला आणि मग कळलं की फॉर्म आधी हवा होता, सगळा डेटा बाजूला ठेवावा लागला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून आम्ही अंकात फक्त सबमिशनची तारीख देत नाही, "डेटा घ्यायला सुरुवात करण्याआधी हे करा" असा वेगळा चौकोन टाकतो आणि तो लागोपाठ चार आठवडे टाकतो.

ऑलिंपियाडची बातमी लिहिताना नुसतं "सिल्व्हर मिळालं, अभिनंदन" लिहू नका, वाचणाऱ्या अर्ध्या मुलांना ती परीक्षा असते कशी हेच माहीत नसतं. गणिताचं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड १९५९ मध्ये रोमानियात सुरू झालं, दोन दिवस, रोज साडेचार तास, रोज फक्त ३ प्रश्न, प्रत्येकाला ७ मार्क, एकूण ४२. साधारण अर्ध्या मुलांना मेडल मिळतं आणि गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ यांचं प्रमाण अंदाजे १:२:३ ठेवतात. आणि ज्याला मेडल नाही पण एक प्रश्न पूर्ण ७ मार्कांचा सुटला त्याला ऑनरेबल मेन्शन मिळतं. हे सांगितलंत की साडेचार तासांत एक प्रश्न पूर्ण सोडवणं म्हणजे काय हे वाचणाऱ्याला कळतं. फिजिक्सचं १९६७ पासून, केमिस्ट्रीचं १९६८ पासून चालू आहे, फिजिक्समध्ये थिअरीच्या जोडीला प्रत्यक्ष प्रयोगाचा वेगळा पेपर असतो, त्यामुळे जो मुलगा लॅबमध्ये हाताने चांगलं काम करतो त्याला मुद्दाम सांगा की ही परीक्षा त्याचीही आहे. निवडीच्या पहिल्या फेरीत बाहेर पडलेल्यांशी पण बोला. कुठला प्रश्न अडला, कुठे वेळ गेला, हे पुढच्या बॅचला जिंकलेल्याच्या मुलाखतीपेक्षा जास्त उपयोगी पडतं असा माझा अनुभव आहे.

मॅथ्स सर्कलसाठी, म्हणजे आवडीने गणितं सोडवायला जमणाऱ्या मुलांच्या गटासाठी, एक कोपरा कायमचा राखून ठेवा. दर आठवड्याला एक प्रश्न, उत्तर पुढच्या अंकात, आणि उत्तर एकच नाही, दोन वेगळ्या मुलांची दोन वेगळी. समजा प्रश्न असा दिला की कुठल्याही विषम संख्येचा वर्ग घ्या, त्यातून १ वजा करा, उरलेल्याला ८ ने नेहमी भाग जातो, का? एकीने लिहिलं, विषम संख्या म्हणजे २क+१, वर्ग करून १ काढला की ४क(क+१) उरतं, क आणि क+१ लागोपाठचे, त्यातला एक सम, झालं. दुसऱ्याने लिहिलं, संख्येच्या अलीकडची आणि पलीकडची यांचा गुणाकार म्हणजेच ती वजाबाकी, त्या दोन्ही लागोपाठच्या सम संख्या, दोनातल्या एकीला ४ ने भाग जातोच. दोन्ही शेजारी शेजारी छापा. मुलं मधल्या सुट्टीत तिसरी पद्धत शोधायला बसतात, मी बघितलंय.

आकाश बघायचा कार्यक्रम असेल तर त्या दिवशी चंद्र कसा आहे ते लिहायलाच हवं. बऱ्याच जणांना वाटतं दुर्बिणीतून चंद्र बघायला पौर्णिमा बेस्ट, पण तेव्हा प्रकाश समोरून पडतो, सावल्या नसतात, सगळं सपाट दिसतं. शुक्ल अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवरचे खड्डे लांब सावल्यांमुळे उठून दिसतात, म्हणून कार्यक्रम तेव्हाचा ठेवा. उल्कांसाठी उलट, चंद्र नसलेला बरा, पर्सिड्स आणि जेमिनिड्स हे दरवर्षीचे दोन उल्कावर्षाव, पर्सिड्स १२-१३ ऑगस्टच्या आसपास आणि जेमिनिड्स १३-१४ डिसेंबरला जोरात असतात, पण त्यावेळी चंद्र मोठा असेल तर तसं आधीच स्पष्ट लिहा, नाहीतर मुलं रात्रभर जागतात आणि हिरमुसून परत जातात. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, मोबाइल बंद, टॉर्चला लाल कागद, हेही त्याच बातमीत.

आकडे. प्रत्येक आकड्यासोबत युनिट आहे का हे एका मुलाचं ठरलेलं काम ठेवा, त्याने बाकी काही नाही केलं तरी चालेल. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ पोचून गमावलं गेलं कारण एका टीमचं सॉफ्टवेअर पाउंडमध्ये आकडे देत होतं आणि दुसऱ्यांनी ते न्यूटनमध्ये धरले, ही गोष्ट आमच्या या कामाच्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो. शिवाय "झाडं ४०% जास्त वाढली" असं कोणी लिहिलं की लगेच विचारायचं, किती झाडं होती? तीन? मग तीन असं लिहा, आणि तुलनेला न बदललेला ग्रुप होता का तेही. चूक छापली गेलीच तर पुढच्या अंकात पहिल्या पानावर दुरुस्ती, बारीक अक्षरात मागे नाही.

फोटोंबद्दल, मुलं अठराच्या आतली आहेत त्यामुळे पालकांची लेखी परवानगी वर्षाच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवा, कोणाची नाही त्यांची यादी लेआउट करणाऱ्याजवळ हवी. टीम बाहेरगावी जात असेल तर कुठल्या हॉटेलात, कुठल्या गाडीने हे आधी छापायचं नाही, परत आल्यावर सगळं लिहा. आणि लॅबचा फोटो निवडताना गॉगल आहे का, केस बांधलेत का बघा. बिनागॉगलचा फोटो कितीही छान आला असला तरी तो घ्यायचा नाही, लहान मुलं फोटो बघूनच शिकतात. पोज दिलेल्या ग्रुप फोटोपेक्षा हातांचा फोटो घ्या, सोल्डरिंग करणारे, पिपेट धरलेले.

खेळ, नाटक, लायब्ररीत आलेली पुस्तकं यांना अर्धं पान द्याच, पण थोडक्यात.

क्लबच्या बातम्यांना मात्र हात आखडता घेऊ नका, अगदी चारच पोरं जमली असली तरी. शेल्डन ग्लॅशो आणि स्टीव्हन वाइनबर्ग दोघं न्यूयॉर्कच्या ब्राँक्स हायस्कूल ऑफ सायन्सचे, १९५० च्या एकाच बॅचचे, शाळेत येता-जाता सबवेत एकमेकांना फिजिक्स शिकायला लावणारे मित्र, आणि १९७९ चं फिजिक्सचं नोबेल दोघांना अब्दुस सलाम यांच्याबरोबर मिळालं. म्हणून आम्ही बस स्टॉपवरची, हॉस्टेलच्या जिन्यातली चर्चासुद्धा बातमी धरतो. "बारावीतले तिघं आठवडाभर भांडतायत की पडणाऱ्या साखळीचं टोक मोकळ्या पडणाऱ्या दगडाच्या आधी पोचतं का" अशी चार ओळींची बातमी टाकली तर पुढच्या सोमवारी कोणीतरी साखळी आणि स्लो मोशन कॅमेरा घेऊन हजर असतं.

अंक मोबाइलवर वाचला जातो त्यामुळे दोन कॉलमची सुंदर पीडीएफ करण्यात गुरुवारची रात्र घालवू नका, साधा एका कॉलमचा ठेवा, अक्षर मोठं. एक प्रिंट मात्र काढा आणि लॅबच्या दारावर, त्या वहीच्या बरोबर वर चिकटवा. नवीन लावताना जुनी फाडून टाकायची नाही, तारीख घालून फाइलला लावायची, कारण पुढच्या वर्षी कोणाचं तरी रीडिंग २५.१ येणार आहे.