गुडघ्याचे लिगामेंट दुखावल्यास काय करावे?

धावता धावता पाय जमिनीवर रोवला जातो, अंग मात्र वळते आणि गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होतो. त्यानंतर काही तासांतच गुडघा टम्म फुगला, तर सांध्यात रक्तस्राव झाला असावा असे समजावे. मांडीचे व नडगीचे हाड बांधून ठेवणाऱ्या चार प्रमुख लिगामेंटांपैकी एसीएल (गुडघ्याच्या आत मधोमध असलेले अँटीरियर क्रुशिएट लिगामेंट) तुटल्याची शक्यता अशा वेळी बरीच असते.

खेळ तिथेच थांबवावा. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे, दर दोन-तीन तासांनी लावावा, क्रेप बँडेज बेताने बांधावे आणि पाय उंचावर ठेवावा. पहिले दोन-तीन दिवस शेक आणि चोळणे टाळावे, कारण त्याने सूज वाढते. आराम वाटतो म्हणून बहुतेकजण गुडघ्याखाली उशी घेतात आणि नेमके तेच नडते, कारण गुडघा दिवसेंदिवस वाकलेला राहिला की पुढे तो पूर्ण सरळ करणे फार कष्टाचे होते. उशी घ्यायचीच तर टाचेखाली घ्यावी.

चार पावलेही टाकता येत नसतील, तर हाड मोडले आहे का हे पाहण्यासाठी एक्स-रे लागतो. पाऊल गार किंवा बधिर पडणे, गुडघा अडकून बसणे, पोटरी सुजून दुखणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही, त्यामुळे तो ‘नॉर्मल’ आला म्हणून निश्चिंत होऊ नये. डॉक्टर नडगी पुढे ओढून सांध्याचा ढिलेपणा तपासतात आणि गरज वाटल्यास एमआरआय सांगतात.

गुडघ्याच्या आतल्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे एमसीएल, बहुधा ब्रेस (गुडघ्याला आधार देणारा पट्टा) आणि व्यायामाने, काही आठवड्यांत भरून येते. एसीएल पूर्ण तुटले, तर ते सहसा तसे जुळत नाही. तरीही प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. चालताना गुडघा वारंवार दगा देत असेल किंवा गिरकी घेण्याच्या खेळांकडे परतायचे असेल, तर दुर्बिणीतून नवे लिगामेंट बसवण्याचा विचार होतो, आणि तोही बहुतेक वेळा सूज उतरून गुडघा सरळ होऊ लागल्यावर.

मार्ग कोणताही असो, मांडीचा पुढचा स्नायू झपाट्याने वाळतो, आणि माझ्या मते खरी लढाई त्याच्याशीच असते. फिजिओथेरपिस्टने परवानगी दिली की पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची लहान गुंडाळी ठेवावी, ती खाली दाबत मांडी पाच सेकंद आवळून धरावी आणि असे दहा वेळा करावे. पुढे सरळ पाय वर उचलण्याचा व्यायाम येतो. उचलताना गुडघा किंचितही वाकला, तर स्नायू अजून तयार नाही, तेव्हा पुन्हा टॉवेलकडे वळावे. काठी घेऊन चालायचे असल्यास ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी.

दुखणे थांबले म्हणजे लिगामेंट बरे झाले असे मात्र नव्हे. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर वेदना काही आठवड्यांत ओसरते, पण बसवलेले लिगामेंट मुरायला कित्येक महिने लागतात. म्हणून सुमारे ९ महिने होईपर्यंत, आणि त्या पायाची ताकद दुसऱ्याच्या किमान ९० टक्के भरेपर्यंत, मैदानात उतरू नये. खेळाकडे परतण्यासाठीच्या तपासणीच्या आधी आरशासमोर एका पायावर उभे राहून हळूहळू अर्धे बसून पाहावे: गुडघा आत कलंडत असेल, तर अजून थांबावे.