फुटबॉल मॅच संपल्यावर आपल्या टीमचं पोस्टमॉर्टेम कसं करायचं

शिट्टी वाजली की लगेच ग्रुपवर सुरू होऊ नका, रात्र जाऊ द्या. सकाळी पूर्ण मॅच लावा, हायलाइट्स नाही. लाइनअप आणि कोण कितव्या मिनिटाला बदलला एवढं कागदावर लिहून घ्या, झालं.

आता गोल. इथेच सगळे गंडतात, आणि मलाही हे जमायला बरेच सीझन गेले. खाल्लेला गोल उलटा बघायचा. बॉल जाळ्यात गेला तिथे पॉज, मग दहा-दहा सेकंद मागे जात राहायचं, आपल्या पायातून बॉल सुटला तिथपर्यंत. तिथे थांबून तीनच गोष्टी बघा: बॉलच्या मागे आपले किती जण आहेत, सेंटरबॅक (गोलसमोर मधोमध उभे राहणारे डिफेंडर) एकमेकांपासून किती लांब आहेत आणि डिफेन्सिव्ह मिडफिल्डर, म्हणजे डिफेन्सच्या पुढे राखण करणारा, कुठे भटकतोय. बऱ्याचदा कळतं की ज्याला रात्रभर धुतला तो सेंटरबॅक एकटाच दोघांना अडवत होता, कारण फुलबॅक (कडेचा डिफेंडर) अटॅकला वर गेला आणि त्याची जागा धरायला कोणी आलंच नाही. आणि हो, कॅमेरा बॉलच्या मागे फिरतो, त्यामुळे फ्रेममध्ये नसलेल्या माणसावर खापर फोडू नका, गोलमागचा अँगल दाखवतात तो आधी बघा.

गोव्यात फातोर्ड्याला झालेली 24 एप्रिल 2024 ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) सेमीफायनलची पहिली मॅच घ्या. बोरिस आणि ब्रँडनच्या गोलांवर नव्वदाव्या मिनिटापर्यंत एफसी गोवा 2-0, मग छांगते, विक्रम प्रताप, परत छांगते, आणि मुंबई सिटी 3-2! गोव्याच्या फॅनने 'शेवटी झोपले' म्हणून विषय संपवू नये, नव्वदच्या आधीची वीस मिनिटं लावावी आणि क्लिअर केलेला बॉल प्रत्येक वेळी कोणाच्या पायात पडतोय ते मोजावं. मुंबईवाल्यांनी तर जास्तच कडक बघावं, नव्वद मिनिटं गोल का नाही झाला हा प्रश्न जिंकल्यावर कोणी विचारतच नाही. पुढे मुंबईने सेमीफायनलची दुसरी मॅच घरी 2-0 आणि कोलकात्यात फायनल 3-1 जिंकली, मग तर विचारणं दूरच राहिलं.

आकडे सगळ्यात शेवटी. पझेशन, म्हणजे बॉल किती वेळ कोणाकडे होता, ते स्कोअरप्रमाणे तोडून बघा, कारण पुढे असलेली टीम मुद्दाम बॉल सोडून मागे बसते आणि मग 'साठ टक्के बॉल आपल्याकडे होता' याला काही अर्थ उरत नाही. एक्सजी (मिळालेल्या चान्सवरून किती गोल व्हायला हवे होते त्याचा अंदाज) बघताना पेनल्टी वेगळी काढा, ती एकटीच पाऊण गोलाच्या वर भर घालते. आणि एका मॅचच्या एक्सजीवर कोच हाकलायला निघू नका. ॲपवरचं प्लेअर रेटिंग? सोडून द्या.

मग पाच-सहा ओळी लिहा, प्रत्येक मुद्द्यापुढे मिनिट टाकून. कोणी 'डिफेन्स बेकार' म्हणालं तर वाद घालत बसू नका, कितव्या मिनिटाला एवढंच विचारा.