अडकलेला फ्लॅट दुसऱ्या एजंटला देताना

या लाइनमध्ये नवीन आलेल्यांना वाटतं की आपल्याकडचा फ्लॅट दुसऱ्या एजंटला सांगितला की तो हातचा गेलाच. मला हे अजिबात पटत नाही. महिनोन्महिने धड व्हिजिट न आलेला फ्लॅट वेळेवर योग्य माणसाकडे सोपवता आला पाहिजे. मालकाने आपल्यावर विश्वास टाकलेला असतो, तो पडून राहिलेल्या फ्लॅटने टिकत नाही.

आधी अडलंय कुठे ते बघा. भाव चढा असेल किंवा सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर अजून आधीच्याच मालकाचं नाव असेल, तर दुसरा एजंट काय करणार? ते मालकाशी बोलून तुम्हालाच सोडवावं लागेल. एरिया तुमचा नसेल तर मात्र हट्ट करू नका. माझं ऑफिस पुण्यात कोथरूडला. मालक इथले आणि फ्लॅट धायरीत, असं वरचेवर होतं. संध्याकाळी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून किल्ली घेऊन पोचेपर्यंत पार्टी दुसरीकडे बघून मोकळी झालेली असते. तिथल्या एजंटकडे किल्ली ठेवली तर तो दहा मिनिटांत फ्लॅट उघडतो, आणि पाणी टँकरचं की महापालिकेचं, हे गिऱ्हाइकाने विचारायच्या आत सांगतो.

मालकाला विचारल्याशिवाय किल्ली, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा), आधारची झेरॉक्स, काहीही पुढे द्यायचं नाही. ‘त्या भागातला माझा माणूस आहे, त्याला सांगू का?’ एवढं विचारलं की बहुतेक मालक हो म्हणतात.

आणि कृपा करून फ्लॅट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तिथून तो फॉरवर्ड होत जातो आणि मधला प्रत्येक जण आपला आकडा चढवतो. मालकाचे ६८ लाख कुठे ७०, कुठे ७२ होतात. एकाच फ्लॅटचे तीन वेगळे भाव ऐकलेलं गिऱ्हाईक शेवटी मालकालाच गाठतं आणि सगळे एजंट बाहेर. एकाच माणसाला द्या, आणि त्याने तो पुढे द्यायचा नाही हे आधीच ठरवा.

ब्रोकरेजचं बोलणं पहिल्या व्हिजिटच्या आधी झालं पाहिजे. रिसेलमध्ये साइड बाय साइड सगळ्यात स्वच्छ: तुम्ही मालकाकडून घ्या, त्याने गिऱ्हाइकाकडून घ्यावं, ज्याचं बिल त्याने करावं. तुम्ही नुसता रेफरन्स देऊन बाजूला होणार असाल, तर टक्का ठरवून घ्या. मी अशा वेळी ब्रोकरेजचा चौथा हिस्सा मागतो, कारण पळापळ त्याची असते. काहीही ठरलं तरी फ्लॅट नंबर, मालकाचा भाव आणि वाटणी लिहून मेसेज करा आणि त्याचं ‘ओके’ येईपर्यंत किल्ली देऊ नका.

महारेरात, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट नियामक प्राधिकरणात, नोंदवलेल्या प्रोजेक्टमधला बिल्डरचा फ्लॅट असेल तर समोरच्या एजंटचा महारेरा नंबर महारेराच्या वेबसाइटवर तपासाच. नोंदणी पाच वर्षांची असते, संपलेली असू शकते. अशा प्रोजेक्टमध्ये नोंदणीशिवाय एजंटगिरी केली तर रेरा कायद्याखाली दिवसाला १०,००० रुपये दंड आहे, आणि तो घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढू शकतो.

फ्लॅट दिला म्हणून फोन बंद करायचा नसतो. कोण बघून गेलं, काय म्हणालं, हे दर आठवड्याला त्या एजंटकडून घ्या आणि तसंच्या तसं मालकाला सांगा. ‘किचन अंधारं आहे’ हे दोन-तीन पार्ट्यांकडून आलं की भाव कमी करायचं बोलणं मालकाशी काढता येतं.