"मले तं आंधीच मालूम होतं": निकालानंतरच्या शहाणपणातील या चुका टाळा

आमच्या गावातील शेतकरी गटाचा हिशोब गेली काही वर्षे माझ्याकडे आहे, त्यामुळे हंगाम संपल्यावर पारावर जी चर्चा होते ती मला शेवटपर्यंत ऐकावी लागते. त्या चर्चेत एक वाक्य दरवर्षी न चुकता येते: "मले तं आंधीच मालूम होतं." भाव पडला तरी मालूम होते आणि चढला तरी मालूम होते. 'बैल गेला नि झोपा केला' या म्हणीतल्या माणसाला झोपा, म्हणजे गोठ्याचे दार, उशिरा केल्याचे निदान कबूल असते. आमचा माणूस मात्र झोपा पहिल्यापासूनच होता असे शपथेवर सांगतो. मानसशास्त्रात याला हिंडसाइट बायस म्हणतात, आपण पश्चातबुद्धी म्हणू. हा खोटेपणा नव्हे. सांगणाऱ्याला ते खरोखरच तसे आठवत असते, आणि त्या आठवणीच्या भरवशावर तो पुढच्या वर्षीचा निर्णय घेतो.

पहिली चूक: आपल्याच आठवणीला साक्षीदार करणे

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. २०२१-२२ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,०२५ रुपये असताना बाजारात भाव १०,००० च्या वर गेला होता. त्यामुळे पुढच्या हंगामात, डिसेंबर २०२२ मध्ये, गावात येऊन कापूस घेणारा खेडा खरेदीवाला ८,५०० रुपये देत असतानाही आमच्या घरचा ३५ क्विंटल कापूस समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत रचलेला राहिला. होळी झाली, उन्हाळा लागला, कापसामुळे घरात सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली आणि मुले अंगणात झोपू लागली, तरी भाव वर सरकेना. शेवटी मृग तोंडावर आल्यावर बियाण्याच्या पैशासाठी तो ७,१०० रुपयांनी द्यावा लागला. वजनातील घट सोडली तरी ४९,००० रुपये गेले.

त्यानंतर वर्षभर घरात या नुकसानीचे खापर धाकट्या भावाच्या डोक्यावर फुटत राहिले. अर्धा तरी विकावा असे आपण म्हणत होतो आणि त्याने थांबवले, हे मला अगदी लख्ख आठवत होते. कोणत्या खाटेवर बसून म्हटले, तेही आठवत होते. भावानेही कधी प्रतिवाद केला नाही. पुढे दिवाळीच्या सफाईत, दुधाच्या हिशोबासाठी जपून ठेवलेले २०२२ चे कॅलेंडर हाती आले. डिसेंबरच्या पानावर, दुधाच्या लिटरांच्या खाली, माझ्याच अक्षरात लिहिले होते: "कापूस ८५००. थांबायचे. १०,००० पार, खात्री १२ आणे. भाऊ म्हणतो अर्धा विकू." मी ते पान भावाला दाखवले तेव्हा तो म्हणाला, "मले तं वाटे, मीच थांबवलं होतं."

बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याच जातीचा आहे. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर जाण्यापूर्वी या दोघांनी इस्रायलमधील विद्यार्थ्यांकडून कोणती घटना घडण्याची किती शक्यता आहे याचे अंदाज घेतले आणि नंतर, तेव्हा काय अंदाज दिला होता ते आठवायला सांगितले. जी घटना घडली असे विद्यार्थ्यांना वाटत होते, तिच्याबद्दलचा आपला जुना अंदाज त्यांना प्रत्यक्षापेक्षा जास्त खात्रीचा आठवला.

यावर माझा उपाय म्हणजे शंभर पानांची साधी वही. तारीख, त्या दिवसाचा भाव, निर्णय, त्याचे कारण, खात्री रुपयातल्या सोळा आण्यांपैकी किती आणे, आणि जो विरोधात बोलला त्याचे म्हणणे, एवढेच मी लिहितो, आणि पेनानेच लिहितो, कारण पेन्सिलीचे काय होते ते मला ठाऊक आहे. महसूल खाते पिकाची पैसेवारी, म्हणजे पीक किती आले याचा अंदाज, आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम अशी तीनदा जाहीर करते. तिच्यावर कितीही भांडावे, पण पहिला आकडा कागदावर राहतो म्हणूनच भांडता येते. मोबाइलमध्ये बोलून ठेवतो म्हणणाऱ्या तरुणांवर माझा विश्वास नाही. ते रेकॉर्डिंग पुन्हा कोणी ऐकत नाही. मृगात मोठ्या हौसेने घेतलेली वही पोळ्यानंतर कोरी सापडते, हेही मी बरेचदा पाहिले आहे.

दुसरी चूक: खुणा आधीच दिसत होत्या असे मानणे

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशी पोखरली, तेव्हा डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुले, तर सगळ्यांनाच दिसल्या होत्या, असे आज जो तो सांगतो. दिसल्या असतील, पण त्याच हंगामात पावसाचा खंड होता, रसशोषक किडी होत्या, यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होत होती, आणि या साऱ्या गलबल्यात कोणती खूण खरी ठरणार हे कोणाच्या कपाळावर लिहिलेले नव्हते. निकाल कळला की बाकीच्या खुणा पुसल्या जातात आणि एकच उरते. म्हणून खूण कोणती आणि ती किती झाली की हात हलवायचा, हे आधी ठरवावे. पतंगांना वासाने ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग, ही बोंडअळीची मर्यादा मी गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवतो. शिवाय हंगामानंतर, निकाल उलटा लागला असता तर तो कशामुळे, याची दोन कारणे वहीत लिहितो. स्लोविक आणि फिशहॉफ यांच्या १९७७ च्या प्रयोगांत अशा उलट विचाराने पश्चातबुद्धीचा जोर कमी झाला होता.

तिसरी चूक: निकालावरून निर्णय तोलणे

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हा सल्ला सर्वांना पाठ आहे. तरी धूळपेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्यात पेरणी, करणाऱ्याचे एखाद्या वर्षी साधले की तो गावात जाणकार ठरतो, थांबलेला भित्रा ठरतो, आणि पुढच्या वर्षी दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणायला अर्धे गाव कृषी केंद्रासमोर उभे असते. जुगार लागला म्हणून तो हिशोब होत नाही.

उरलेल्या चुका थोडक्यात. सल्ला विचारताना निकाल आधी सांगू नका, ऐकणारा लगेच शहाणा होतो. एका वर्षाच्या भावावरून सगळी शेती फिरवू नका. तुरीच्या तेजीनंतर २०१६ मध्ये सर्वांनी तूर पेरली आणि ती ५,०५० च्या हमीभावाखाली विकावी लागली. सालदाराला "तुला कळायला हवे होते" म्हणण्यापूर्वी, त्या सकाळी आपल्याला काय कळले होते ते वहीत पाहा.

यंदाच्या वहीत तुरीपुढे माझे नऊ आणे आणि भावाचे पाच आणे लिहिलेले आहेत. तूर अजून शेंगेत आहे.