तलावाची मूळ स्थिती ठरवताना या चुका टाळा

तलावाचा पर्यावरणीय दर्जा काढायचा म्हणजे आजच्या मोजमापाची मूळ स्थितीशी तुलना करायची. मूळ स्थिती म्हणजे माणसाचा ताण नसता, किंवा अगदी नगण्य असता, तर त्या प्रकारचा तलाव जसा राहिला असता ती. नागपुरात तलावांचे अहवाल भरपूर निघतात, पण मूळ स्थिती कशी ठरवली याला त्यात दोन ओळीही मिळत नाहीत. सगळं गणित मात्र तिच्यावरच उभं असतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे हाती असलेलं सर्वांत जुनं रीडिंग मूळ स्थिती म्हणून वापरणं. ते रीडिंग घेतलं तेव्हा तलावात सांडपाणी येतच होतं, हे कोणी बघत नाही. समजा आज पारदर्शकता 60 सेंटिमीटर आहे. जुन्या रीडिंगवरून मूळ 80 धरली तर गुणोत्तर 0.75 येतं आणि तलाव 'चांगला' ठरतो. खरी मूळ 200 असेल तर तेच गुणोत्तर 0.30. पाणी तेच, फक्त कागदावर तलाव सुधारला.

दुसरी चूक मला जास्त छळते: दिसायला स्वच्छ तो तलाव संदर्भ म्हणून घेणं. विद्यार्थ्यांच्या एका गटाने भंडाऱ्याकडचा एक मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, निवडला होता. फोटो सुंदर होते. काठापासून काठापर्यंत मोकळं पाणी, एक पान तरंगत नव्हतं. मी सोबत गेलो. पाणी किंचित हिरवट होतं आणि पारदर्शकता मोजायची सेक्ची तबकडी हातभर खाली जाताच दिसेनाशी झाली. उथळ तलावात तळाशी पाणवनस्पती हव्यात. त्या गाळ धरून ठेवतात, पोषक द्रव्यं शोषतात, माशांच्या पिलांना आसरा देतात. इथे दाताळं फिरवलं तर नुसता चिखल वर आला. पाळीवर जाळं सुकवत बसलेल्या म्हाताऱ्या ढिवराला विचारलं, तर तो म्हणाला, "पोट्टेहो, हा तलाव साफ नाही, खाली आहे. ग्रासकार्प सोडला तवापासून तळचं गवत गेलं, अन् गवतासंग गावठी मासेबी गेले." ग्रासकार्प हा पाणवनस्पती खाणारा मासा. गटाने ठरवलेली मूळ स्थिती तिथेच बाद झाली. तेव्हापासून माझी सवय एकच: बाटली भरण्याआधी पाळीवर बसायचं आणि मासेमारांशी बोलायचं. कोणती वनस्पती कधी गेली, मत्स्यबीज कोणी सोडलं, बेशरमची झुडपं कुठून पसरली, हे त्यांना माहीत असतं. घाई असलेल्यांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. त्यांनी हे काम करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तलावाचा प्रकार न पाहता तुलना करणंही तितकंच घातक. लोणार नैसर्गिक आहे म्हणून तो संदर्भ होत नाही. त्याचं पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी आहे. नागपूरच्या पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट आहे, पूर्वेला नाइस खडक. पाण्याची कठीणता तिथूनच बदलते. शिवाय अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा हे सगळे बांध घालून केलेले तलाव. अशा तलावांसाठी युरोपच्या 2000 सालच्या जलनिर्देशात (वॉटर फ्रेमवर्क डायरेक्टिव्ह) वेगळी तरतूद आहे: बांध आहे हे मान्य करून जास्तीत जास्त काय साधता येईल, त्याच्याशी तुलना करायची. आपल्याकडेही तेच योग्य.

दुपारी दोनला विरघळलेला ऑक्सिजन मोजून खूश होऊ नका. शेवाळाने भरलेला तलाव उन्हात ऑक्सिजन फेकतो आणि रात्रभर तोच वापरून टाकतो. पहाटे, सूर्य उगवण्याआधी मोजा. पहाटे-दुपारचा मोठा फरक हीच बिघाडाची खूण आहे.

ऑगस्टचं रीडिंग मेच्या रीडिंगशी जोडू नका. पिण्याच्या पाण्याचे निकष परिसंस्थेला लावू नका. एकाच संदर्भ तलावावर सगळं टांगू नका.

आणि गाळ. जवळपास निरोगी तलाव उरलेलाच नसेल तर जुनी स्थिती गाळातच सापडते. थरांतल्या डायटम या सूक्ष्म शेवाळाच्या कवचांवरून पाणी पूर्वी कसं होतं ते कळतं, आणि शिसे-210 या किरणोत्सारी शिशावरून थरांचं वय काढता येतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे 22 वर्षं, म्हणजे साधारण शे-सव्वाशे वर्षं मागे जाता येतं. अंबाझरी 1870 च्या सुमारासचा, त्यामुळे त्याचा बराचसा काळ यात बसतो. पण खोलीकरणात हा गाळच ट्रकने निघून जातो. तुमच्या तलावात खोलीकरण ठरलं असेल, तर पोकलेन उतरण्याआधी सगळ्यात खोल आणि न ढवळलेल्या जागी नळी रोवून गाळाचा उभा नमुना काढा, वरची बाजू कोणती ते नळीवर लिहा आणि ती उभीच ठेवून प्रयोगशाळेत न्या.