झेंड्यांच्या रांगेत उभे राहताना: नव्याने येणाऱ्यांसाठी काही अनुभव

ह्यूस्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत मी पहिल्यांदा झेंडा हाती घेऊन उभी राहिले, तो जुलै महिना होता आणि सकाळी साडेनऊलाच अंगाची काहिली होत होती. शववाहिका यायला उशीर झाला. आदर दाखवायचा म्हणजे ताठ उभे राहायचे, एवढेच मला ठाऊक असल्यामुळे मी गुडघे आवळून, श्वाससुद्धा जपून घेत उभी होते. पंचविसाव्या मिनिटाला डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारी व्हिएतनाममध्ये लढून आलेले एक वृद्ध गृहस्थ उभे होते. त्यांनी मान न वळवता माझ्या कोपराला आधार दिला आणि हळू आवाजात सांगितले, "गुडघे सैल सोडा, बुटाच्या आत पायाची बोटे हलवत राहा." मी पडले नाही, झेंडाही पडला नाही. आज मी कोणालाही या कामाची माहिती सांगायला बसते, तेव्हा सुरुवात याच सूचनेने करते.

हे काम असे की, सैन्यात सेवा केलेल्या व्यक्तीच्या अंत्यविधीला, तिच्या कुटुंबाने बोलावल्यावर, स्वयंसेवकांनी अमेरिकेचे झेंडे घेऊन दुतर्फा उभे राहायचे आणि त्या दोन रांगांमधून शवपेटी जाऊ द्यायची. याला इथे ‘फ्लॅग लाइन’ म्हणतात. हे काम करणारी सर्वांत परिचित संघटना म्हणजे ‘पेट्रियट गार्ड रायडर्स’. नावात ‘रायडर्स’ आहे आणि पुष्कळ सभासद मोटरसायकलवरून येतात, म्हणून आपल्या ओळखीच्या मराठी मंडळींचा असा समज असतो की मोटरसायकल हवी, सैन्यात नोकरी केलेली हवी, निदान या देशाचे नागरिकत्व तरी हवे. मी रुजू झाले तेव्हा माझ्याकडे यांपैकी एकही गोष्ट नव्हती आणि मला कोणी काही विचारलेही नाही. संघटनेची अट एकच आहे आणि ती म्हणजे आदर. वर्गणी नाही. मी आजही माझ्या साध्या मोटारीनेच जाते आणि ताफ्यात दुचाकींच्या मागे राहते.

या कामाचा उगम ठाऊक असला म्हणजे त्यातील पुष्कळ नियमांचा अर्थ आपोआप कळतो. 2005 साली कॅन्ससमधील टोपेका शहरातले वेस्टबोरो बॅप्टिस्ट चर्च हे छोटे पंथीय मंडळ इराक आणि अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या सैनिकांच्या अंत्यविधींबाहेर फलक घेऊन उभे राहू लागले. अमेरिका समलैंगिकतेला मोकळीक देते, म्हणून देव तिच्या सैनिकांना मारतो, असा त्यांचा दावा होता आणि आईवडील मुलाला निरोप देत असताना तो त्यांच्या कानांवर घातला जात होता. कॅन्ससमधल्याच ‘अमेरिकन लीजन रायडर्स’, म्हणजे ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेतला मोटरसायकलस्वारांचा गट, त्याच्या काही सभासदांना हे सहन झाले नाही. त्यांनी भांडण केले नाही, फलकही उचलले नाहीत. निदर्शकांकडे पाठ करून, हातात मोठे झेंडे धरून ते कुटुंबाच्या आणि निदर्शकांच्या मधोमध उभे राहिले, म्हणजे कुटुंबाला फलक दिसू नयेत. आणि घोषणा फार वाढल्या तर मोटरसायकलींची इंजिने सुरू करून त्या बुडवल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ओक्लाहोमातील चेल्सी या गावी त्यांचे पहिले मोठे काम झाले आणि त्यानंतर थोड्याच काळात ही संघटना देशभर पसरली.

कायदाही बदलला. 2006 मध्ये राष्ट्रीय दफनभूमीच्या प्रवेशद्वारापासून 300 फुटांच्या आत, विधीच्या आधी आणि नंतर एक तास, निदर्शनांना बंदी घालण्यात आली आणि 2012 मध्ये ती मुदत दोन तासांची झाली. मात्र 2011 च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘स्नायडर विरुद्ध फेल्प्स’ या खटल्यात आठ विरुद्ध एक अशा मताने निकाल दिला, की सार्वजनिक जागी, सार्वजनिक प्रश्नांवर केलेले असे बोलणे कितीही क्लेशकारक असले तरी त्याला घटनेचे संरक्षण आहे. मुलाला गमावलेल्या वडिलांनी हा दावा लावला होता, त्यामुळे निकाल वाचताना मन खिन्न होते. तरीही मला त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. जे काम कायदा करू शकत नाही, ते शेजाऱ्यांनी गप्प उभे राहून करायचे आहे. म्हणूनच रांगेत असताना कोणी काहीही ओरडले, तरी उत्तर द्यायचे नाही, त्या दिशेला पाहायचेही नाही, हा नियम आजही पहिल्या दिवशी सांगितला जातो. गेल्या सहा वर्षांत मला स्वतःला निदर्शक एकदाही दिसलेले नाहीत, पण नियम सैल झालेला नाही.

आता बहुतेक वेळा आपण ज्यांच्यासाठी उभे राहतो, ते रणांगणावर गेलेले तरुण नसतात. सत्तरी-ऐंशी ओलांडून, आजारपणाने किंवा वार्धक्याने, घरच्या अंथरुणावर गेलेली ही माणसे असतात आणि त्यांत व्हिएतनाम युद्धात सेवा केलेल्यांची संख्या मोठी आहे. ही पिढी घरी परतली तेव्हा तिचे स्वागत झाले नव्हते. पुष्कळांनी विमानतळावरच गणवेश उतरवून ठेवल्याच्या आठवणी मी ऐकल्या आहेत. आजही हे लोक एकमेकांना भेटले की ‘वेलकम होम’ म्हणतात. पन्नास वर्षांपूर्वी जे शब्द ऐकायला मिळायला हवे होते, ते आता एकमेकांना देतात. रांगेतले कित्येक जण स्वतः याच पिढीतले आहेत आणि ते शवपेटीकडे कसे पाहतात, हे एकदा शेजारी उभे राहून पाहिले म्हणजे कशासाठी आलो, असा प्रश्न पडत नाही.

माझे आजोळ सातारा जिल्ह्यातले. ‘आपशिंगे मिलिटरी’ या गावाच्या नावातच सैन्य असलेला तो मुलूख आहे. तिथे एखाद्या जवानाचे पार्थिव आले की अख्खा तालुका लोटतो. माझे मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झाले आणि एक्याऐंशीव्या वर्षी झोपेतच गेले, तेव्हा मी इथे होते आणि फोनवर रडण्यापलीकडे काही करू शकले नाही. त्यांना खांदा द्यायला भाऊबंद होते, कोणी एकटे पडले नाही. पण मला त्यांच्यासाठी उभे राहायचे होते आणि ते राहून गेले. दुसऱ्याच्या मामांसाठी उभी राहते, तेव्हा ते आठवतात, हे मी लपवत नाही.

कामाची सूचना राज्याच्या किंवा विभागाच्या ‘कॅप्टन’कडून येते. प्रत्येक कामाला ‘मिशन’ म्हणतात आणि त्याचा प्रमुख ‘राइड कॅप्टन’. सूचनेत जमण्याची जागा, वेळ, कुटुंबाने मागितलेल्या गोष्टी आणि दफनभूमीचा पत्ता असतो. कुटुंबाचे निमंत्रण नसेल तर कोणी जात नाही. ही बाब इतकी महत्त्वाची आहे की, ओळखीतल्या कोणाचे वडील गेले आणि ते सैन्यात होते, एवढ्यावरून परस्पर झेंडे घेऊन जाणे हा अपराध मानला जातो. जमण्याच्या जागी अर्धा तास आधी पोहोचावे. बंद बूट, साधी पँट आणि अंगभर सदरा पुरतो. आपल्याकडची पांढरी साडी किंवा काळे कपडे यांची गरज नाही. पाणी पोटभर आधीच प्यावे, कारण रांगेत उभे राहिल्यावर बाटली तोंडाला लावता येत नाही. फोन बंद करून गाडीतच ठेवावा. खिशात थरथरणारा फोनसुद्धा त्या शांततेत दहा माणसांना ऐकू जातो.

राइड कॅप्टन आधी सगळ्यांना गोल उभे करून त्या व्यक्तीविषयी दोन-तीन वाक्ये सांगतो: कोणत्या दलात होती, केव्हा होती, मागे कोण आहे. ही वाक्ये लक्ष देऊन ऐकावीत. एकदा असे कळले की त्या गृहस्थांनी सैन्यानंतर तीस वर्षे शाळेची बस चालवली, आणि थोड्या वेळाने चाळिशीतली पाच-सहा माणसे, उघडच त्यांच्या बसमधली जुनी मुले, रांगेतून रडत जाताना दिसली. ती कोण आहेत हे आम्हाला ठाऊक होते, म्हणून आमच्या नजरा खाली गेल्या नाहीत.

झेंडा तीन फूट रुंद आणि पाच फूट लांब असतो आणि काठी आपल्यापेक्षा उंच असते. ताऱ्यांचा निळा चौकोन वर, काठीचे टोक उजव्या पावलाजवळ जमिनीवर, काठी सरळ. अंतर शेजाऱ्याच्या बरोबरीने ठेवायचे, कॅप्टन फिरून ते दुरुस्त करतो. वारा असेल तर कापड काठीला गुंडाळले जाते किंवा शवपेटी नेणाऱ्यांच्या तोंडावर येते. त्यासाठी झेंड्याचा खालचा मोकळा कोपरा काठीजवळ ओढून त्याच हाताच्या बोटांत धरून ठेवावा. हे कुठल्या पुस्तिकेत वाचून जमत नाही, दोन-तीनदा चुकल्यावर हाताला कळते. पावसात भिजलेला झेंडा जड होतो आणि खांदा भरून येतो, तेव्हा जो हात थकला तो शववाहिकेचे दार उघडण्यापूर्वीच बदलून घ्यावा.

शववाहिका वळणावर दिसली की कॅप्टनचा आवाज येतो, "डिटेल, अटेन्शन," म्हणजे तुकडी, सावधान. पेटी बाहेर येताना "प्रेझेंट आर्म्स," म्हणजे मानवंदना द्या. ज्यांच्या हातात झेंडा नाही, त्यांच्यातले माजी सैनिक सॅल्यूट करतात आणि बाकीचे उजवा हात हृदयावर ठेवतात. झेंडा धरलेल्याने यांपैकी काहीच करायचे नाही, तो सरळ धरून ठेवणे हीच त्याची मानवंदना. नवखा माणूस आदराने झेंडा किंचित पुढे झुकवतो, मीही झुकवला होता. अमेरिकेचा राष्ट्रध्वज कोणासमोरही झुकवला जात नाही. पेटी आत गेल्यावर "ऑर्डर आर्म्स," म्हणजे मानवंदना संपली, असे ऐकू येते आणि मगच खांदे सैल करायचे.

राष्ट्रीय दफनभूमीत विधी बहुधा कबरीपाशी होत नाही. त्यासाठी छप्पर असलेली वेगळी जागा असते आणि साधारण वीस मिनिटांत सगळे आटोपते, कारण पुढचे कुटुंब वाट पाहत असते. 1 जानेवारी 2000 पासून कायद्याने पात्र निवृत्त सैनिकाच्या कुटुंबाला, त्यांनी मागितल्यास, किमान दोन गणवेशधारी सैनिक मिळतात. त्यांतला एक तरी मृताच्या दलाचा असतो. ‘टॅप्स’ ही चोवीस सुरांची धून वाजते. ती 1862 साली, यादवी युद्धाच्या काळात, व्हर्जिनियातील छावणीत जनरल डॅनियल बटरफिल्ड यांच्या हाताखाली आजच्या रूपात आली. प्रत्यक्ष बिगुल वाजवणारे कमी असल्यामुळे 2003 पासून बिगुलात बसवलेल्या यंत्रातूनही धून वाजवायला परवानगी आहे. काहींना हे खटकते, मला खटकत नाही. धून वाजत असताना सैनिक बिगुल ओठांशी धरून निश्चल उभा असतो आणि कुटुंबाला तेवढे पुरते. बंदुकांच्या तीन फैरी झडणार असतील तर त्या आधीच ठाऊक असाव्यात, कारण पहिल्या फैरीला नवखा माणूस दचकतो आणि झेंडा हलतो. सात बंदुका आणि तीन फैरी असा हिशेब करून लोक त्याला एकवीस तोफांची सलामी म्हणतात, पण तो मान वेगळा.

मग पेटीवरचा झेंडा उचलला जातो. तो आपल्या हातातल्यापेक्षा बराच मोठा, पाच बाय साडेनऊ फुटांचा असतो. दोघे सैनिक तेरा घड्या घालतात, लाल-पांढरे पट्टे आत जातात आणि शेवटी निळ्यावर पांढरे तारे असलेला तिकोन उरतो. सैनिक गुडघ्यावर बसून, राष्ट्राध्यक्ष, आपले दल आणि कृतज्ञ राष्ट्र यांच्या वतीने तो कुटुंबाच्या हाती देतो. एकदा हा तिकोन एका वृद्ध पत्नीच्या मांडीवर आला. तिने त्याची कड अंगठ्याने दोनदा चाचपली, उशीच्या अभ्र्याची शिवण तपासावी तशी, आणि मग दोन्ही हातांनी तो पोटाशी धरला. रांगेत उभे असताना रडू आले तर येऊ द्यावे. पुसायला हात वर करू नये, एवढेच.

विधीनंतर घरचे लोक कधी रांगेपाशी येतात, एकेकाचा हात धरतात. आपण काय बोलायचे, हे आधी ठरवून जावे. ‘तुमच्यासोबत उभे राहता आले, हा आमचा मान’ एवढे वाक्य पुरते. मी पहिल्या वेळी आपल्या सवयीप्रमाणे काय आजार होता, किती दिवस होता, असे विचारले. समोरच्या मुलीने सविस्तर सांगितले, पण सांगताना तिचा चेहरा पुन्हा त्या रुग्णालयात गेलेला मला दिसला. आपल्याकडे समाचाराला गेल्यावर हे प्रश्न मायेनेच विचारतात, मात्र इथे ते विचारू नयेत. छायाचित्रे कुटुंबाच्या परवानगीशिवाय काढू नयेत आणि आपली स्वतःची तर मुळीच नकोत.

ज्यांच्यामागे कोणीच नाही, अशांचे विधी मात्र चुकवू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. कित्येकांच्या अस्थी अंत्यविधी-गृहांच्या फडताळांत वर्षानुवर्षे पडून असतात. ‘मिसिंग इन अमेरिका प्रोजेक्ट’ ही संस्था 2007 पासून त्यांतले सैनिक शोधून त्यांना सन्मानाने मूठमाती देण्याचे काम करते. टेक्सासमध्ये राज्याच्या सैनिकी दफनभूमीत असा विधी असला की लोकांना जाहीर आवाहन केले जाते. जानेवारी 2019 मध्ये किलीन येथे हवाई दलातील अशाच एका सैनिकासाठी हजाराहून अधिक अनोळखी माणसे आली होती. मी ज्या विधींना गेले, तिथे आम्ही कधी चाळीस असू, कधी अकरा. लाकडी पेटीतला अस्थिकलश वीतभर उंचीचा असतो, दोन रांगांमधून तो नेणारा माणूस पाऊल फार हळू टाकतो, आणि घडी घातलेला तिकोन घ्यायला कोणी नातलग नसल्यामुळे तो दफनभूमीच्या प्रतिनिधीच्या किंवा आमच्यातल्याच एकाच्या हाती दिला जातो. गेल्या हिवाळ्यात तो माझ्या हाती आला. सैनिक गुडघ्यावर बसला आणि ‘तुमच्या प्रिय व्यक्तीची सेवा’ हे ठरलेले शब्द माझ्या डोळ्यांत पाहून, एकही शब्द न गाळता बोलला. मी उत्तर दिले नाही, द्यायचेही नसते. दफनभूमीच्या कार्यालयात तो सुपूर्त करेपर्यंत मी तो दोन्ही हातांनी छातीशी धरून चालले. मग काठ्या मोजल्या, झेंडे कोरडे आहेत की नाहीत ते पाहून गुंडाळले आणि कॅप्टनच्या ट्रेलरमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाचे मिशन होते.