स्ट्रॉबेरीचा जॅम घरी: पेरूच्या पाण्यानं धरलेला, पावसाळाभर टिकणारा

मार्च लागला की बेळगावच्या बाजारात स्ट्रॉबेरीचा नूर बदलतो. डिसेंबर-जानेवारीत प्लास्टिकच्या डबीत एकेक नीट मांडलेली, टपोरी आणि महाग फळं असतात. उन्हं तापली की फळ बारीक होतं, जरा आंबटतं आणि भाव उतरतो. नुसती खायला जानेवारीतली घ्या. जॅमला मात्र ही मार्चमधलीच चांगली, कारण जॅम धरायला आंबटपणा लागतो आणि तो मोठ्या गोड फळात कमी असतो.

आपल्याकडचा बहुतेक माल महाबळेश्वर-पाचगणीचा. तिथल्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं. सातारा, कोल्हापूर, निपाणी असा हायवेचा प्रवास करून फळ इथं येतं. नाजूक फळ, त्यात डबीत दाबून भरलेलं, त्यामुळे वरचा थर बघून भुलू नका. डबी उलटी करून तळ बघा. तळाला लाल पाणी सुटलेलं असेल किंवा पांढरी बुरशी दिसली तर ती डबी नको. घरी आल्यावर एखाद्या फळावर बुरशी सापडली तर तेवढा भाग कापून उरलेलं वापरू नका, ते फळच टाका. चेपलेली पण ताजी फळं चालतात.

एक गोष्ट विकत घेतानाच सांभाळा. चार भागांपैकी तीन भाग पूर्ण पिकलेली आणि एक भाग देठाकडे अजून पांढरट असलेली फळं घ्या. पिकलेल्या फळातून रंग आणि वास मिळतो, कच्चटातून पेक्टिन, म्हणजे जॅम धरवणारा फळातलाच चिकट घटक.

सगळा खेळ पेक्टिनचा

साखरांबा, मोरंबा ज्यांच्या हातात बसलाय, त्यांचा स्ट्रॉबेरीचा जॅम बऱ्याचदा बिघडतो. हाताला पाकाची सवय असते. पाक एकतारी झाला की उतरायचा, सैल वाटला तर अजून आटवायचा. स्ट्रॉबेरीला हा हिशेब लागू होत नाही. जॅम घट्ट होतो तो फळातलं पेक्टिन, आंबटपणा आणि साखर या तिघांची गाठ पडते म्हणून. पेरू, सफरचंद, करवंद यांच्यात पेक्टिन भरपूर असतं, स्ट्रॉबेरीत फारच कमी. ते कमी असताना नुसतं आटवत बसलं की लाल रंगाचा तपकिरी होतो, फळाचा वास उडून साखर करपल्याचा वास येतो आणि गार झाल्यावर जॅमऐवजी चिवट पाक हाती येतो.

म्हणून बाहेरून पेक्टिन द्यायचं. दुकानात पेक्टिनची पावडर मिळते, पण आपल्याकडे पेरू असताना तिची गरज नाही. अर्धकच्चे, हिरवट, दाबल्यावर टणक लागणारे दोन मध्यम पेरू (250 ग्रॅमच्या आसपास) घ्या. सालीसकट, बियांसकट बारीक चिरा. दोन वाट्या पाण्यात घालून मंद आचेवर 25 मिनिटं शिजवा, फोडी पार गळायला हव्यात. मग स्वच्छ पंचाच्या फडक्यात ओतून चाळणीवर ठेवा आणि आपोआप गळू द्या. पिळायचा मोह आवरा, पिळलं की गढूळ पाणी येतं आणि जॅमची चकाकी जाते. वाटीभर पाणी मिळेल. गार झाल्यावर ते बोटांना किंचित बुळबुळीत लागतं, तेच आपल्याला हवंय. जॅमला पेरूचा अगदी पुसट वास येतो. मला तो आवडतो. ज्यांना नको असेल त्यांनी पेरूऐवजी आंबट सफरचंद वापरावं.

प्रमाण

देठ काढून वजन केलेली स्ट्रॉबेरी 1 किलो, साखर 800 ग्रॅम, लिंबाचा रस 3 मोठे चमचे (दोन-तीन लिंबं पुरतात), वर सांगितलेलं पेरूचं पाणी एक वाटी. एवढ्यात साधारण 1 किलो 350 ग्रॅम जॅम होतो, म्हणजे 450 ग्रॅमच्या तीन बाटल्या. लिंबाच्या बिया फेकू नका. त्यांच्यातही पेक्टिन असतं, त्यांची मलमलच्या तुकड्यात पुरचुंडी बांधून ठेवा.

एका वेळी एक किलोपेक्षा जास्त फळ घेऊ नका. तीन किलो स्वस्त मिळाली म्हणून सगळी एकाच पातेल्यात घातलीत तर आटायला तिप्पट वेळ लागेल आणि तेवढ्या वेळात रंग जाईल. तीन घाणे काढा.

साखर कमी करायची इच्छा होते, हे मी समजू शकते. पण साखर इथं गोडीपुरती नाही, टिकण्यासाठी आहे. तयार जॅममध्ये विरघळलेला साखरेचा अंश 65 टक्क्यांच्या आसपास गेला की बुरशीला आणि जंतूंना लागणारं मोकळं पाणीच उरत नाही. अर्धा किलो साखरेत केलेला जॅम चवीला सुंदर होतो, पण तो फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार आठवड्यांत संपवायचा, कपाटात ठेवायचा नाही. आपला भाग उसाचा, तेव्हा गुळाचं काय, हा प्रश्न येणारच. गुळानं रंग काळपट होतो आणि खारट-खमंग चव स्ट्रॉबेरीवर चढून बसते. गूळ आंब्याला द्या, गुळांबा करा. इथं साखरच हवी.

आणि 800 ग्रॅम साखर बघून दचकलात तर एवढं लक्षात घ्या: विकतच्या जॅममध्ये फळ किमान 45 टक्के असावं असा आपल्याकडचा नियम आहे, आणि स्ट्रॉबेरीच्या जॅमला त्यातून सवलत देऊन 25 टक्क्यांवर आणलंय. घरच्या जॅममध्ये निम्म्याहून अधिक फळ पडतं.

आदल्या रात्री

फळं देठासकट धुवा, मग देठ काढा. आधी देठ काढून धुतलीत तर फळ पाणी पितं. फडक्यावर पसरून कोरडी करा. मोठी असतील तर दोन तुकडे करा, लहान तशीच राहू द्या. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात फळांचा थर, साखरेचा थर असं घालून वरून निम्मा लिंबाचा रस ओता आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवा. ॲल्युमिनियम नको, कल्हई नसलेलं पितळ तर मुळीच नको. आंबट रसाची धातूशी क्रिया होते.

सकाळी फळं लाल रसात तरंगताना दिसतील. रात्रभरात साखरेनं फळातलं पाणी ओढून घेतलेलं असतं, त्यामुळे शिजताना फोडी फुटत नाहीत आणि वरून पाणी घालावं लागत नाही.

बाटल्या

काचेच्या, पत्र्याच्या फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या घ्या. झाकणाच्या आतली रबरी कड तुटलेली किंवा गंजलेली असेल तर झाकण बदला. बाटली जुनी चालते, झाकण शक्यतो नवं. साबणानं धुऊन, मोठ्या पातेल्यात तळाला फडकं घालून, पाण्यात पूर्ण बुडवून 15 मिनिटं उकळा आणि जॅम होईपर्यंत त्या गरम पाण्यातच राहू द्या. गार बाटलीत उकळता जॅम ओतला की तडा जातो.

दोन स्टीलच्या बशा फ्रीजरमध्ये टाकून ठेवा. त्या पुढं लागतील.

शिजवताना

जाड बुडाचं, पसरट पातेलं घ्या, निम्म्याहून जास्त भरणार नाही एवढं मोठं. फळ, रस, पेरूचं पाणी आणि बियांची पुरचुंडी घालून मंद आचेवर ठेवा. तळाशी साखर खरखरायची थांबेपर्यंत आच वाढवू नका. कडेला चिकटलेले दाणे ओल्या फडक्यानं पुसून खाली घ्या, नाहीतर महिन्याभरानं जॅममध्ये साखरेचे खडे धरतात.

साखर विरघळली की उरलेला लिंबाचा रस घाला आणि आच मोठी करा. इथून पुढं घाई असावी, मंद आचेवर रेंगाळू नका. आधी गुलाबी फेस भरभर वर चढतो, त्यात अर्धा चमचा तूप टाकलंत तर तो बसतो. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढतात तसा उरलेला फेस शेवटी झाऱ्यानं एकदाच काढा. सारखा काढत बसलात तर जॅमच वाया जातो. तो फेस एका वाटीत घेऊन पोरांना चपातीबरोबर द्या.

साधारण 20 ते 25 मिनिटांत फरक दिसायला लागतो. बारीक, उड्या मारणारे बुडबुडे जाऊन मोठे, जड, चकचकीत बुडबुडे येतात, फुटताना पुटपुट असा आवाज करतात. रस पळीच्या कडेवरून पाण्यासारखा थेंबथेंब पडायचा थांबतो. दोन थेंब कडेला येऊन थांबतात, एकमेकांकडे सरकतात आणि एक होऊन पदरासारखे सुटतात. हे दिसलं की गॅस बंद करा. बंद करूनच तपासायचं, कारण तपासण्याच्या दोन मिनिटांतही जॅम पुढं जातो. फ्रीजरमधली बशी काढा, तिच्यावर चमचाभर टाका, एक मिनिट थांबा, बोटानं हलकेच ढकला. वर सुरकुती पडली आणि बोटाच्या मागची रेघ लगेच भरून आली नाही तर झालं. नसेल तर अजून तीन-चार मिनिटं उकळा आणि दुसरी बशी काढा.

थर्मामीटर वापरणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. पुस्तकांत जॅमसाठी 105 अंश लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर आहे, इथं पाणी 97-98 अंशांनाच उकळतं. 105 ची वाट बघाल तर जॅमची गोळी होईल. आपल्याकडे 102 च्या सुमाराला जॅम होतो. निपाणी, चिकोडी, अथणी, खानापूर सगळीकडे उंची वेगळी, म्हणून सोपा नियम धरा: आधी थर्मामीटर नुसत्या उकळत्या पाण्यात बुडवून आकडा बघा, त्यात साडेचार मिळवा.

थर्मामीटर नसेल तर वजनकाटा चालतो. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा. वरच्या प्रमाणात पातेल्यासकट वजन त्याहून 1 किलो 350 ग्रॅम जास्त भरलं की साखरेचा अंश 65 टक्क्यांवर आलेला असतो. टिकण्याच्या दृष्टीनं मला बशीपेक्षाही या काट्याचा भरवसा जास्त वाटतो.

भरणं आणि बंद करणं

पुरचुंडी काढून टाका. पाच मिनिटं थांबून जॅम एकदा ढवळा, म्हणजे फोडी वर तरंगून खाली नुसता रस राहत नाही. त्याहून जास्त थांबू नका, गरम असतानाच भरायचा. गरम बाटल्या लाकडी पाटावर किंवा जाड फडक्यावर ठेवून वर अर्धा सेंटिमीटर जागा सोडून भरा. बाटलीचा काठ ओल्या स्वच्छ फडक्यानं पुसा. काठावर जॅमचा एक ठिपका राहिला तरी झाकण नीट बसत नाही आणि बुरशी तिथूनच सुरू होते. झाकण लावा, फार आवळू नका.

आता भरलेल्या बाटल्या परत त्या मोठ्या पातेल्यात, फडक्यावर, झाकणाच्या वर दोन बोटं गरम पाणी राहील अशा ठेवा आणि पाणी खळखळायला लागल्यापासून 10 मिनिटं उकळा. पुष्कळजण ही पायरी गाळतात. फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर खुशाल गाळा. पण खानापूर, जांबोटीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय, जिथं जून ते सप्टेंबर भिंतींनाही बुरशी येते, तिथं कपाटातल्या बाटलीला हे संरक्षण हवंच. बाटल्या काढून सुती फडक्यावर ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हलवू नका. गार होताना झाकणाचा मधला भाग टक आवाज करून आत बसतो. ज्याचा बसला नाही ती बाटली फ्रीजमध्ये ठेवून आधी संपवा.

बाटलीवर तारीख लिहा. अंधाऱ्या कपाटात ठेवा, उजेडानं लाल रंग तपकिरी पडतो. नीट बंद झालेला जॅम वर्षभर चांगला राहतो, रंग पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात सुंदर असतो. फोडलेली बाटली फ्रीजमध्ये, चमचा कोरडा. वर बुरशी दिसली तर ती काढून खालचा खाऊ नका, सगळी बाटली टाकून द्या.

सैल राहिला तर

आधी दोन दिवस थांबा, पेक्टिनला धरायला वेळ लागतो. तरीही सैल असेल तर सगळा पातेल्यात काढा, अर्धी वाटी पेरूचं पाणी आणि चमचाभर लिंबाचा रस घालून पुन्हा मोठ्या आचेवर उकळा, बशीवर तपासा आणि बाटल्या पुन्हा उकळून, नवी झाकणं लावून भरा. फार घट्ट झाला असेल तर पातेल्यात काढून थोडं पाणी घालून गरम करा, मग मात्र तो फ्रीजमध्येच ठेवा. आणि सैल जॅम पुन्हा उकळायचा कंटाळा आला तर गार दुधात दोन चमचे घालून प्या, दह्यात कालवा.

एप्रिल-मेमध्ये खानापूरकडच्या बायका पाट्यांतून करवंदं आणतील, तेव्हा याच पद्धतीनं त्यांचाही जॅम करा. धुऊन चीक काढा, मऊ शिजवून बिया गाळून घ्या आणि गराच्या वजनाइतकी साखर घाला. त्यात पेरूचं पाणी घालायचं नाही आणि लिंबूही नको.